जू एक, औते अनेक : मोबाईलवरील शेती-कामाच्या अ‍ॅप्ससंबंधी

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु गावाचा नित्याचा व्यवहार ह्या पट्ट्यातील इतर गावांप्रमाणेच ऊस, कांदा, बाजरी आणि तरकारीभोवती फिरतो. अलीकडे त्या व्यवहारात एका नव्या साधनाची भर पडली आहे. शेतावर निघालेल्या शेतकऱ्याच्या खिशात मोबाईल असतो आणि शेतीची कित्येक कामे त्या मोबाईलवरूनच करावी लागतात. पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’त, हवामानाचा सल्ला ‘मेघदूत’मध्ये, विजेची पूर्वसूचना ‘दामिनी’वर, पैशांची देवघेव आणखी एका अ‍ॅपमधून, आणि सातबाऱ्याचा उतारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून, अशी ही विभागणी आहे.

साहजिकच गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे एक तक्रार वारंवार येते. एवढी अ‍ॅप्स कशासाठी? सर्व कामे करणारे एकच मोठे अ‍ॅप का असू नये? तक्रार वरकरणी रास्त आहे. ज्यास चष्मा लावून एक-एक अक्षर वाचावे लागते, त्या वयोवृद्ध शेतकऱ्यास पाच चित्रांपेक्षा एकच चित्र ओळखणे सोपे वाटणारच. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही. साधन चुकीचे निवडले, तर ऐन मुदतीच्या दिवशी पिकाची नोंद राहून जाते. आणि नोंद राहिली म्हणजे पुढे अनुदानाच्या वेळी शेतकऱ्याचा हात रिकामा राहण्याची पाळी येते.

शेतकऱ्याने आपल्या गोठ्याकडे नजर टाकली, तर अर्धे उत्तर तेथेच सापडेल. नांगर जमीन फोडतो, कुळव ढेकळे फोडून तण काढतो, पाभरीने पेरणी होते, कोळप्याने दोन ओळींतील माती हलविली जाते. नांगराने पेरता येत नाही आणि पाभरीने नांगरता येत नाही, म्हणून कोणी त्यांस दोष देत नाही. प्रत्येक औत आपले एक काम करते, आणि ते काम नीट करते. परंतु ही सारी औते एका बाबतीत सारखी असतात. ती एकाच जुवाला बसतात. पाभर एका सुताराने केलेली असो, कोळपे दुसऱ्याने. शेजाऱ्याकडून सावडीने आणलेला कुळवही आपल्या बैलांमागे चालतो. औते पुष्कळ असूनही शेतकऱ्याचा गोंधळ होत नाही, तो जोडणी सारखी असल्यामुळे.

ट्रॅक्टरच्या बाबतीतही हेच झाले. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन ह्यांनी तीन बिंदूंच्या जोडणीचे एकस्व १९२६ मध्ये घेतले. ती जोडणी पुढे जगभर प्रमाण मानली गेली. आज रोटाव्हेटर एका कारखान्याचा, पेरणीयंत्र दुसऱ्याचे आणि ट्रॅक्टर तिसऱ्याचा असला, तरी शेतकरी ते सहज जोडतो. कारण जोडणीच्या खिळ्यांची मापे ठरलेली आहेत आणि मागील दांड्याचा मिनिटास ५४० फेऱ्यांचा वेगही ठरलेला आहे.

ह्याच्या उलट दिशेचाही एक प्रयोग झालेला आहे, आणि त्याची हकीकत प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने माहीत करून घेण्यासारखी आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत बैलांनी ओढावयाच्या चाकांच्या बहुउद्देशीय औजारवाहकावर पुष्कळ काम झाले. दोन चाकांवर लोखंडी सांगाडा. त्यास पाहिजे तर नांगर लावावा, पाहिजे तर वरंबे पाडण्याचे फाळ, पाहिजे तर पेरणीयंत्र वा कोळपे. आणि काम संपले म्हणजे वर फळ्या टाकून त्याचीच बैलगाडी करावी, अशी ही कल्पना होती. आपल्याकडील एका नमुन्यास तर अकोल्याचेच नाव मिळालेले होते. संशोधन केंद्रांच्या शेतांवर ही औजारे उत्तम चालली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका खंडांतील देशांतही ती पाठविली गेली.

पॉल स्टार्की ह्या अभ्यासकांनी जगभरच्या ह्या औजारवाहकांची पाहणी करून १९८८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. औजार परिपूर्ण झाले, तरीही ते नाकारले गेले, असे त्यांनी ग्रंथाच्या नावातच सांगून टाकले. ४५ हून अधिक नमुने आणि १०,००० हून अधिक औजारवाहक तयार झाले होते; परंतु ते अनेक कामांसाठी वर्षानुवर्षे वापरणारे शेतकरी नगण्य निघाले. बहुतेक औजारवाहक एक तर पडून राहिले किंवा नुसत्या गाड्या म्हणून वापरले गेले. किंमत जड, वजन जड आणि रचना गुंतागुंतीची, ही कारणे तर होतीच. खेरीज, सर्व कामांसाठी केलेल्या सांगाड्यात प्रत्येक कामाच्या बाबतीत थोडी तडजोड करावी लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखीही एक अडचण उघड आहे. ज्या दिवशी एका भावास खत वाहण्यासाठी गाडी पाहिजे असते, त्याच दिवशी दुसऱ्यास कोळपणीची घाई असते. आणि सांगाडा तर एकच. त्याचे चाक निखळले की गाडीही बंद, पेरणीही बंद. जुनी औते दिसावयास साधी, पण एक मोडले तरी बाकीची चालू राहतात.

अवजड अ‍ॅप म्हणजे काय

अ‍ॅप म्हणजे मोबाईलने करावयाच्या कामाच्या आज्ञांची क्रमवार मांडणी. पहिल्या आवृत्तीत बहुतेक अ‍ॅप्स लहान आणि कामापुरतीच असतात. पुढे त्यांत भर पडू लागते. पावसाचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपमध्ये बाजारभाव येतात, मग बातम्या येतात, खते-औषधांचे दुकान येते, चलच्चित्रे येतात, कर्जाच्या जाहिराती येतात. प्रत्येक भर स्वतंत्रपणे पाहिली, तर उपयुक्तच दिसते. परंतु पावसाचा अंदाज पाहण्यासाठी उघडलेल्या अ‍ॅपला हा सारा भार उचलून उठावे लागते. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्त ह्यांनी १९९५ मध्येच दाखवून दिले होते की, यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून अधिक वेगाने आज्ञावल्या मंद होत जातात. नवा, महाग मोबाईल बाळगणाऱ्यास हे जाणवत नाही. मुलाने वापरून टाकलेला जुना मोबाईल ज्या शेतकऱ्याच्या वाट्यास आलेला असतो, त्यास ते ताबडतोब जाणवते. साठवणुकीची जागा भरते, अ‍ॅपची नवी आवृत्ती उतरत नाही आणि जुनी आवृत्ती चालत नाही.

अवजड अ‍ॅपचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ते अनेक कामे करते, म्हणून अनेक परवानग्या मागते. छायाचित्रासाठी कॅमेरा, जागेसाठी स्थान, संदेशांसाठी संदेशपेटी, ओळखीच्यांना निरोप पाठविण्यासाठी संपर्कांची यादी. एकदा दिलेल्या परवानग्या कोणत्या कामासाठी वापरल्या जातात, हे मग शेतकऱ्यास कळण्याचा मार्ग उरत नाही. लहान अ‍ॅपच्या बाबतीत विचार सोपा असतो. विजेची सूचना देणाऱ्या अ‍ॅपला शेतकरी कोठे आहे हे कळले पाहिजे, हे समजण्यासारखे आहे. कारण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांतील विजांची सूचना देते. पण त्यास शेतकऱ्याच्या संपर्कांच्या यादीचे काय काम?

लहान आज्ञावल्या जोडून मोठे काम करण्याची रीत संगणकाच्या क्षेत्रात बरीच जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी १९६४ मध्ये एका टिपणात अशी अपेक्षा व्यक्त केली होती की, बागेस पाणी घालण्याच्या नळीला जसा आणखी एक तुकडा फिरवून जोडता येतो, तशा आज्ञावल्या एकमेकींस जोडता आल्या पाहिजेत. त्याच प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन ह्यांनी १९७३ मध्ये ‘युनिक्स’ ह्या प्रणालीत ही जोडणी प्रत्यक्षात आणली, आणि तिला नावही ‘पाइप’ असेच मिळाले. पुढे युनिक्सच्या धर्तीवर १९९१ मध्ये लिनक्स तयार झाले; आणि आज बहुसंख्य शेतकऱ्यांच्या हातात असलेले अँड्रॉइडचे मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात.

ह्या जोडणीचे काम कसे चालते, ते एका उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, एका शेतकऱ्याने वर्षभराच्या विक्रीच्या पट्ट्या एका साध्या यादीत ओळीने लिहून ठेवल्या आहेत. पहिली आज्ञावली त्या यादीतून फक्त ‘कांदा’ असलेल्या ओळी निवडते. दुसरी त्या ओळी तारखेप्रमाणे लावते. तिसरी वजनाची बेरीज करते. पहिलीला बेरीज येत नाही आणि तिसरीला कांदा म्हणजे काय हे ठाऊक नाही. पहिलीतून निघालेल्या ओळी दुसरीत आणि दुसरीतून निघालेल्या तिसरीत जातात, एवढेच. उद्या कांद्याऐवजी बाजरीचा हिशेब पाहिजे असल्यास एक शब्द बदलावा लागतो. तुषार सिंचनाचे पाइप वापरणाऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. ७५ मिलिमीटरचा एक पाइप फुटला तर तेवढाच बदलतात, सारा संच कोणी टाकून देत नाही. मात्र नव्या पाइपाचे माप आणि कपलर जुन्यासारखेच असावे लागतात.

सातबाऱ्यातील धडा

खरे पाहता, महाराष्ट्रातील खेड्यांस ही रीत संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. महसूल खात्याचे गावचे दप्तर २१ गाव नमुन्यांत विभागलेले आहे. हक्कांत होणारे बदल नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहितात. जमीन कोणाची, हे नमुना ७ सांगतो. कोणत्या खातेदाराकडे एकूण किती जमीन, हे नमुना ८-अ वरून कळते. कोणत्या हंगामात कोणते पीक, ह्याची नोंद नमुना १२ मध्ये होते. ह्यांपैकी एकही नमुना सर्व काही सांगत नाही. परंतु गट क्रमांक आणि खाते क्रमांक हे दोन धागे सर्वांतून गेलेले असल्यामुळे एका नमुन्यातून दुसऱ्यात बिनचूक जाता येते. ‘सातबारा’ हा शब्द तरी काय आहे? नमुना ७ आणि नमुना १२ ह्या दोन स्वतंत्र नोंदींची एका कागदावर केलेली ती जोडणी होय.

ही विभागणी केवळ सोयीची नाही, ती संरक्षणाचीही आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद करण्याचे काम स्वतः शेतकऱ्याच्या हाती आले. पूर्वी ही नोंद तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते करीत असत. लाखो शेतकऱ्यांच्या हाती सरकारी दप्तरातील नोंदीची लेखणी देणे, ही गोष्ट लहान नव्हे. ती देता आली, कारण ह्या अ‍ॅपचे काम नमुना १२ पुरते मर्यादित आहे. शेतकरी त्यातून सोयाबीनऐवजी चुकून मका लिहील. पण शेजाऱ्याची जमीन आपल्या नावावर करू शकणार नाही. मालकीची नोंद दुसऱ्या नमुन्यात, दुसऱ्या आज्ञावलीत आणि दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आहे. हीच कामे एका अवजड आज्ञावलीत एकत्र कोंबली असती, तर पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती सोपविण्याचे धाडस कोणी केले असते, असे वाटत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हे अशा जोडणीचे दुसरे चांगले उदाहरण होय. १५ रुपये भरून तो उतरवून घेता येतो. त्याची फाइल बँकेस कोणत्याही मार्गाने पाठवावी; बँकेस शंका असेल तर उताऱ्यावरील १६ अंकी क्रमांकावरून ती तपासून घेऊ शकते. उतारा देणाऱ्याने बँकेची आज्ञावली पाहिलेली नाही आणि बँकेने महसूल खात्याची. दोघांच्या मध्ये एक कागद आहे, तो दोघांसही वाचता येतो, आणि तेवढे पुरते.

पैशांच्या देवघेवीतही हेच तत्त्व आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत शेतकऱ्याचे खाते एका बँकेत, खताच्या दुकानदाराचे दुसऱ्या बँकेत, दोघांच्या मोबाईलमधील अ‍ॅप्स निरनिराळ्या कंपन्यांची. तरी पैसे पोचतात. एका कंपनीचे अ‍ॅप आवडले नाही, तर खाते न बदलता दुसरे घेता येते. ज्या अ‍ॅपमधून बाहेर पडता येते, ते अ‍ॅप गिऱ्हाइकास धरून राहण्यासाठी आपले काम नीट करीत राहते.

जोड निखळतो तेथे

लहान अ‍ॅप्सची बाजू एवढी भक्कम असली, तरी तिचा दोषही सांगितला पाहिजे, कारण त्याचा चटका शेतकऱ्यास बसलेला आहे. अनेक साधने वापरली म्हणजे बिघाड साधनांत न होता त्यांच्या जोडांत होतो.

२०२३ चा कांदा अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी भाव कोसळल्यानंतर १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ ह्या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्यास क्विंटलला ३५० रुपये, प्रत्येक शेतकऱ्यास जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान राज्य शासनाने जाहीर केले. म्हणजे २०० क्विंटल विकणाऱ्या घराचे ७०,००० रुपये त्यावर अवलंबून होते. अर्जासोबत विक्रीची पट्टी, सातबारा आणि बँक खात्याचा तपशील जोडावयाचा होता. पट्टी बाजार समितीकडून, सातबारा महसूल खात्याकडून, खाते बँकेकडे. तीन ठिकाणचे तीन दाखले, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. परंतु सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणीची नोंद नाही, असे अनेक शेतकरी निघाले. शेतात कांदा पिकला, बाजारात तो विकला गेला, आणि दप्तरात मात्र त्याचा पत्ता नाही. अखेर शासनास ती अट शिथिल करून गावपातळीवरील कर्मचाऱ्यांच्या समितीने खातरजमा करावी, अशी तजवीज करावी लागली. दुसरी अडचण त्याहून घरगुती होती. सातबारा वडिलांच्या नावावर आणि बाजारात गेलेल्या मुलाच्या नावाची पट्टी! अशा घरांसाठी संमतीच्या शपथपत्राची सोय करावी लागली.

ह्या प्रसंगात एकच मोठे अ‍ॅप असते तर अडचण टळली असती, असे म्हणता येईल काय? कांद्याची नोंद करावयाची राहिली, ती मोठ्या अ‍ॅपमध्येही राहिलीच असती. आणि पट्टी मुलाच्या नावाची निघाली, ती तशीच निघाली असती. दोष अ‍ॅप्सच्या संख्येत नव्हता. एका दाखल्यातील माणूस आणि दुसऱ्या दाखल्यातील माणूस एकाच घरचे, किंबहुना एकच, हे यंत्रास सांगणारी खूण मध्ये नव्हती.

गावाच्या नावाचेच पाहा. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात आणि वढू खुर्द हवेली तालुक्यात. कोणी ‘वढू बु.’ लिहितो, कोणी नुसतेच ‘वढू’. माणसास संदर्भाने कळते. यंत्रास ही निरनिराळी गावे वाटतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन निरनिराळी गावे एकच वाटतात. म्हणून केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे, आणि आज्ञावल्यांनी परस्परांशी बोलताना गावाच्या नावाऐवजी तो संकेतांक वापरावयाचा असतो. जमिनीस गट क्रमांक, गावास संकेतांक, तसा माणसास काय, हा प्रश्न उरतो. ‘अ‍ॅग्रिस्टॅक’ योजनेखाली देण्यात येणारा शेतकरी ओळख क्रमांक त्याचे उत्तर म्हणून आलेला आहे. ह्या योजनेची रचनाही पाहण्यासारखी आहे. शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे भूसंदर्भित नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंदवही अशा तीन नोंदी वेगवेगळ्या ठेवून त्या क्रमांकांनी जोडावयाच्या, असे तिचे स्वरूप आहे. गाव नमुन्यांच्या दप्तराशी तिचे नाते जुन्या जाणत्यास लगेच ओळखू येईल.

अर्थात, एका क्रमांकाने सर्व नोंदी जोडल्या म्हणजे चूकही सर्वत्र पोचते, हे विसरून चालणार नाही. आधारकार्डावर नाव एका प्रकारे, सातबाऱ्यावर दुसऱ्या प्रकारे आणि बँकेच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरांत तिसऱ्याच प्रकारे, अशी कित्येक खाती आहेत.

एक खिडकी, अनेक कोठारे

वयोवृद्ध शेतकऱ्याची मूळ तक्रार मात्र अद्याप उरतेच. त्यास पाच अ‍ॅप्सची कटकट नको आहे. त्याचे समाधान असे होऊ शकते की, खिडकी एक असावी आणि तिच्यामागील कोठारे निरनिराळी असावीत. महाडीबीटी संकेतस्थळावर एकाच अर्जावरून अनेक योजनांची मागणी करता येते. पूर्वी प्रत्येक योजनेस निराळा अर्ज आणि निराळी फेरी करावी लागे, हे ज्यांस आठवते, ते ह्या सोयीस कमी लेखणार नाहीत. कृषी विभागाने २०२५ मध्ये आणलेले ‘महाविस्तार’ अ‍ॅपही पिकांचा सल्ला, हवामान आणि बाजारभाव एका ठिकाणी दाखविते. ह्यात गैर काही नाही. पाहावयाचे ते इतकेच की, ती खिडकी बंद पडली तर मागील कोठारापर्यंत दुसऱ्या दाराने जाता येते की नाही. हवामानाचा सल्ला ‘मेघदूत’वर दर मंगळवारी व शुक्रवारी येतोच, खिडकी उघडली नाही म्हणून सल्ला थांबत नाही. ह्याउलट, एखाद्या खासगी अ‍ॅपमध्ये शेतकऱ्याने तीन वर्षे फवारणीचा व खर्चाचा हिशेब भरला आणि तो तेथून बाहेर काढण्याची सोयच नसेल, तर ती खिडकी नव्हे, कुलूपच म्हटले पाहिजे.

काही कामे मुळातच अशी असतात की, ती तोडून वेगळी करू नयेत. कापणी आणि मळणी एकाच फेरीत करणारे हार्वेस्टर गव्हाच्या शेतात सोयीचे पडते. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा हिशेबही त्याच जातीचा आहे. सभासदाचे कर्ज, ठेव, भाग आणि खताची उधारी हे सारे एकाच दिवशी एकाच ताळेबंदात जुळले पाहिजे. २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र शासनाने मंजूर केली, तेव्हा सर्वांसाठी एकच सामाईक आज्ञावली ठरविली गेली, ती ह्यामुळेच योग्य म्हणता येईल.

गावातील कार्यकर्त्याने एखादे अ‍ॅप सुचविण्यापूर्वी ते स्वतः शेताच्या बांधावर उघडून पाहावे. कार्यालयात बसून पाहू नये. भीमाकाठच्या उसाच्या फडात मोबाईलला सर्वत्र सारखे जाळे मिळेल असे नाही. ई-पीक पाहणीत जाळे नसतानाही शेतात छायाचित्र घेऊन नोंद करता येते आणि गावात आल्यावर ती पाठविता येते. मात्र पाठविण्याचे राहून गेले तर नोंद मोबाईलमध्येच पडून राहते, आणि शेतकऱ्याची समजूत असते की काम झाले. नोंद पोचल्याची खात्री त्याच दिवशी करून घ्यावी. कोणतेही अ‍ॅप असो, भरलेली माहिती पावती, यादी वा फाइल ह्यांपैकी कोणत्या तरी रूपाने बाहेर निघते काय, हे तपासावे. कामाशी संबंध नसलेली परवानगी मागितल्यास ती नाकारून पाहावी. नकार दिल्यावरही अ‍ॅप चालत असेल, तर त्या परवानगीची गरजच नव्हती असे समजावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलींविषयी तर विशेष सावध राहावे. पीएम किसान योजनेच्या नावाने अशा फसव्या फाइली पाठवून बँक खात्यांतील रकमा लांबविण्याचे प्रकार घडलेले आहेत. एकाच फाइलीत सर्व योजना, सर्व हप्ते आणि सर्व उतारे मिळतील, असे आश्वासन जेथे असेल, तेथे ती फाइल उघडूच नये. अ‍ॅप घ्यावयाचे ते मोबाईलमधील अधिकृत भांडारातूनच, आणि ते काढणाऱ्या खात्याचे वा संस्थेचे नाव वाचून.

जोडांची दुरुस्ती करण्यास उन्हाळ्याचे दिवस सोयीचे. खरिपाची घाई सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्यास त्याचे आधारकार्ड, सातबारा, ८-अ, बँकेचे पुस्तक आणि मागील हंगामातील विक्रीची एक पट्टी घेऊन ग्रामपंचायतीत बोलवावे, आणि पाचही कागद ओळीने मांडून त्यांवरील नावे अक्षर-अक्षर ताडून पाहावीत. बँकेतील नावाची दुरुस्ती बँकेत आणि आधारवरील दुरुस्ती आधार केंद्रात होते. सातबाऱ्यावरील चूक लेखनप्रमादाची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो; वढू बुद्रुकच्या खातेदारास त्यासाठी शिरूर तहसीलकडे जावे लागते. अर्जासोबत चूक नसलेल्या जुन्या हस्तलिखित उताऱ्याची किंवा फेरफाराची नक्कल जोडावी, आणि अर्ज पोचल्याची तारीख घातलेली पोच घेऊन ती त्याच पाच कागदांसोबत ठेवावी.